समुद्राकडचा हाफशाफ्ट

मित्रांनो, या जगाचा भार ज्या मोजक्यांनी मुकाट्याने वाहिला, त्यांच्यापैकी मी एक जुना हाफशाफ्ट आहे.

जग म्हणजे इथे सावाइई बेटावरची एक पिकअप गाडी असं समजा. आणि भार म्हणाल, तर तोही मी कधी वाहिलेला नाही. आमच्या जातीच्या गाडीत मागचा सगळा भार चाकांवर आणि चाकांना जोडणाऱ्या जाड लोखंडी नळीवर असतो. मी त्या नळीच्या आत असतो आणि नुसता फिरतो. नळीच्या मधोमध एक मोठा गोळा असतो, त्यातल्या दातेरी चाकांनी मला फिरवायचं, मी माझ्या बाजूच्या चाकाला फिरवायचं, एवढाच माझा कारभार. तोही निम्मा, कारण पलीकडच्या चाकाला पलीकडचा हाफशाफ्ट असतो. हे सगळं मला फार उशिरा कळलं. तोवर मी स्वतःला शेषाचा अवतार समजत होतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला लाल होईस्तोवर तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं आणि तेलात बुडवलं. एका टोकाला ताटलीएवढी चकती काढली, तिला सहा भोकं पाडली. दुसऱ्या टोकाला बारीक दाते कोरले. माझ्यासोबत माझा भाऊ घडवला गेला. तो माझ्यापेक्षा चार बोटं आखूड होता. शेवटी कुणीतरी खडूने माझ्या अंगावर ‘डावा’ असं लिहिलं आणि मला नळीत सरकवलं. कुणाचा डावा, ते लिहिलं नव्हतं. गाडीत बसणाऱ्याचा, की गाडीसमोर उभं राहणाऱ्याचा? विचारायला गेलो असतो, पण तोवर चकतीचे बोल्ट आवळून झाले होते.

त्यानंतर कित्येक वर्षं मी उजेड पाहिला नाही. माझं सगळं ज्ञान ऐकीव आहे, आणि तेही नळीतून ऐकलेलं. त्यामुळे पुढच्या हकिगतीत काही गोंधळ आढळला तर तो माझा समजू नका. मी फक्त त्याच्या आत होतो.

आमच्या गाडीचे मालक लाफाएले. अळूच्या कंदांचे आणि नारळांचे मळे डोंगराकडे, घर समुद्राकडे, आणि मधल्या काळ्या दगडांच्या रस्त्यावर आम्ही. आम्ही सुक्या खोबऱ्याची पोती वाहिली, डुकरं वाहिली, ख्रिस्ती देवळातल्या गायकांचा अख्खा ताफा गात असताना वाहिला. गाडी चढावर चढली की लोक म्हणत, “इंजीन काय दमदार आहे हो!” चिखलातून निघाली की म्हणत, “टायर चांगले आहेत.” मित्रांनो, हाफशाफ्टचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. ते आलं की समजावं, तो तुटला आहे.

गाडीत चालकाशेजारी जमिनीतून दोन दांडे वर आले होते. मोठा गिअरचा. धाकटा कशाचा, ते लाफाएलेला ठाऊक नव्हतं. ज्याच्याकडून त्याने गाडी घेतली होती, त्यालाही ठाऊक नव्हतं. लाफाएलेची थोरली बहीण मातालेना गाडीत बसली की त्या धाकट्या दांड्याला आपली उन्हाची छत्री अडकवून ठेवी, आणि म्हणे, “बघ, किती सोय आहे.”

मी लाफाएलेच्या बाजूचा. भाऊ मातालेनाच्या बाजूचा. बरीच वर्षं मी रस्त्याच्या मधल्या अंगाला फिरत होतो आणि भाऊ गटाराच्या. मग एके दिवशी सरकारने फर्मान काढलं, की आजवर सगळे उजवीकडून गाड्या हाकत होते, आता डावीकडून हाकायच्या. सकाळी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबल्या, सावकाश पलीकडे गेल्या आणि पुन्हा चालू लागल्या. मी जागचा हललो नाही. तरी गटार माझ्याकडे आलं. तेव्हापासून डावं-उजवं या प्रकारावरचा माझा विश्वास उडाला.

खरं सांगायचं, तर आमच्या बेटावर तो कुणाचाच नव्हता. इथे माणूस डावं-उजवं म्हणत नाही. समुद्राकडचं आणि डोंगराकडचं म्हणतो. “तुझ्या समुद्राकडच्या गालाला भात लागलाय,” असं सांगतो. समुद्र जागचा हलत नाही आणि डोंगरही हलत नाही, त्यामुळे यात चूक होण्याचा प्रश्नच येत नाही, अशी सगळ्यांची समजूत आहे.

आता त्या शुक्रवारकडे येतो.

मातालेनाची मुलगी फिआसिली हिचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या बेटावर, आपियात होतं. मातालेनाने तिच्यासाठी बारीक विणीची चटई, इए तोंगा, विणली होती. चटई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बसायची चटई आली असेल, तर ती आधी गुंडाळून ठेवा. ही केतकीच्या पानांच्या केसासारख्या धाग्यांची असते, रेशमासारखी पडते, काठाला लाल पिसं असतात, आणि तिच्यावर कुणी बसत नाही. ती चारचौघांत उलगडून दाखवायची आणि व्याह्यांना द्यायची. ती विणता विणता मातालेनाला चष्मा लागला. ती नसेल तर मुलीकडचे रिकाम्या हातांनी आले, असं पुढच्या दोन पिढ्या बोललं जातं. आणि आमच्याकडे बहिणीचा शब्द भावाने खाली पडू द्यायचा नसतो. लाफाएले तिला म्हणाला होता, “ताई, चटई मी माझ्या गाडीतून धक्क्यापर्यंत नेणार. बसच्या गर्दीत नाही न्यायची.”

धक्का सालेलोलोंगाला. बोट दुपारची शेवटची.

आम्ही निघालो. मातालेनाच्या मांडीवर चटईची लांबट घडी, तिच्यावर जास्वंदीच्या फुलांच्या दोन एकसारख्या चादरी गुंडाळलेल्या. मागे टोपल्या आणि चार नातेवाईक. समुद्र मातालेनाच्या बाजूला, डोंगर लाफाएलेच्या. शेजारच्या गावातल्या देवळासमोरचा चढ आला, लाफाएलेने गाडीला जोर दिला, आणि ‘टण्ण’ असा आवाज झाला.

इंजीन ओरडत होतं, गोळा गरगरत होता, पण मी थांबलो होतो. मला वाटलं, मीच तुटलो. खरंच वाटलं. तुटल्यावर कसं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे न तुटल्यावर कसं वाटतं हेही नक्की सांगता येईना. मी स्वतःला चाचपून पाहावं म्हटलं, तर हात नाहीत. पलीकडून भावाचा काही आवाज येतो का ते ऐकलं. आला नाही. पण तो तसाही कधी बोलत नसे.

मागचे चौघे उतरले. “समुद्राकडून आवाज आला,” एक म्हणाला. बाकीच्या तिघांनीही तेच सांगितलं. लाफाएले वाकून बघून आला. “समुद्राकडचा हाफशाफ्ट गेला. पेसामिनोला आणतो. ताई, तू उतरू नकोस. चटईला धूळ लागेल.”

“मी कुठे उतरतेय,” मातालेना म्हणाली.

पेसामिनो हा पुढच्या वळणावरचा मिस्त्री. लाफाएले त्याला आणायला गेला, आणि इकडे पाळकांच्या बायको देवळातून बाहेर आल्या.

“हे काय चाललंय?”

“गाडी मोडलीय, बाईसाहेब. मिस्त्री येतोय.”

“मिस्त्री येणार म्हणजे गाडीखाली झोपणार?”

“झोपावंच लागेल.”

“आणि पाय कुठे करणार?”

चौघांनी गाडीकडे पाहिलं, मग देवळाकडे पाहिलं, आणि माना खाली घातल्या. आमच्याकडे कुणासमोर पाय पसरून बसणंसुद्धा वाईट दिसतं. मग देवाच्या दाराकडे तळवे करून तेलकट लुंगीत झोपणाऱ्या पेसामिनोची कल्पना करा. बाईसाहेबांनी केली असावी, कारण त्या म्हणाल्या, “न्या तिकडे, त्या नीरफणसाखाली.”

चढावर गाडी पुढे कोण ढकलणार? चौघांनी ती मागे सोडली. ती उतारावरून मागे मागे गेली, रस्त्याकडेच्या मैदानात शिरली, तिथे तिला हाताने वळवून झाडाखाली लावली. तोंड आता आल्या वाटेकडे. मातालेना आत बसूनच होती. गाडी वळताना ती फक्त एवढंच म्हणाली, “सावकाश रे, चटई आहे.”

लाफाएले पेसामिनोला घेऊन आला. पेसामिनोच्या खांद्यावर पान्यांची पिशवी आणि तोंडात उसाचं कांडं होतं.

“कुठला म्हणालास?”

“समुद्राकडचा.”

पेसामिनोने समुद्राकडे पाहिलं. समुद्र जागेवर होता. तो समुद्राकडच्या चाकापाशी येऊन बसला.

तिथे मी होतो.

मित्रांनो, मला बाहेर काढण्यासाठी गाडी उचलावी लागत नाही, चाक काढावं लागत नाही, आणि कुणी गाडीखाली झोपावंही लागत नाही. चाकाच्या मध्यावर बसून चकतीचे सहा बोल्ट सोडले की झालं. हे पाळकांच्या बायकोला कुणी सांगितलं असतं, तर गाडी वळली नसती, आणि माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण ते सांगू शकणारा माणूस तेव्हा वाटेत ऊस खात होता.

त्याने बाकीच्या चाकांना दगड लावले, माझ्याखाली बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि पाना चढवला. पाच बोल्ट निघाले. सहावा गंजलेला, तो हटून बसला. पेसामिनोने त्याला शिव्या दिल्या, मग मैदानापलीकडे देऊळ आहे हे आठवून त्याची क्षमा मागितली, आणि हातोडी घातली. तोही सुटला. पण चकती काही जागची हलेना. ती बसवताना मध्ये कागद घालतात, तेल बाहेर येऊ नये म्हणून. तो इतक्या वर्षांत चिकटून बसला होता. पेसामिनोने कडेकडेने टकटक केलं, छिन्नीचं टोक घातलं, आणि मग ‘चर्र’ झालं.

माझ्या आणि चाकाच्या मधून पहिल्यांदा उजेड आला. तेल डब्यात ठिबकू लागलं. दोन हातांनी चकती धरून त्याने मला सरळ, हळूहळू बाहेर ओढलं, म्यानातून तलवार काढावी तसं. मला निदान तसं वाटलं. मागचा एक नातेवाईक म्हणाला, “नारळ सोलायला चांगला आहे हा.”

मी बाहेर आलो. अखंड. दात्यांपासून चकतीपर्यंत कुठे ओरखडा नाही.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी सगळ्यांकडे बघत राहिलो. माझा आनंद काय सांगू! मी तुटलेलो नव्हतो. आणि लगेच मनात आलं, मी तुटलेलो नाही, तर मग मला बाहेर का काढलं?

“हा तर धड आहे,” लाफाएले म्हणाला.

“धड आहे,” पेसामिनो म्हणाला. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं, अंगठ्याच्या नखाने टिचकी मारली. मी खणखणीत वाजलो.

“मग तुटलंय काय?”

पेसामिनोने उसाचा चोथा थुंकला. मिस्त्री माणूस कधी ‘ठाऊक नाही’ म्हणत नाही. “म्हणजे हाफशाफ्ट नाही. मधला गोळा गेलाय. आतल्या दात्यांचा भुगा झाला असणार. मला आवाजावरूनच शंका आली होती.”

“तू आवाज कुठे ऐकलास?”

“तू सांगितलास त्यावरून.”

“बरं मग? होईल ना आज?”

“आज? अरे लाफाएले, गोळा म्हणजे काय नारळ आहे, झाडावरून काढला आणि फोडला? मोठं काम आहे. गोळा खोलायचा, सगळं आपियाहून आणायचं. नाताळ धरून चाल.”

लाफाएले मटकन चाकाजवळच बसला. चार नातेवाईक चार दिशांना पाहू लागले. आत मातालेना चष्मा पुसत होती. तिच्या मांडीवर ती चटई, बाहेर उन्हाची पावलं सरकताहेत, आणि धक्क्यावर बोट. मला त्या माणसाची फार दया आली. तुझा हाफशाफ्ट धड आहे, हे ऐकून एवढा खचलेला मालक मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणजे मालकच पहिल्यांदा पाहत होतो.

तेवढ्यात वळणावर भोंगा वाजला. सालेलोलोंगाची बस.

मातालेनाने दार उघडलं. ती गाडीतून उतरली, चटई उराशी धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बस थांबली. थांबली नसती, तर मला वाटतं बसचंच नुकसान झालं असतं.

“ताई, बसमध्ये गर्दी आहे!”

“मग? गर्दीत माणसंच असतात.”

“अगं पण मी शब्द दिला होता, माझ्या गाडीतून...”

“तुझा शब्द झाडाखाली उभा आहे, लाफाएले. चल, चढ.”

पेसामिनोने मला उचलून लाफाएलेच्या हातात दिलं. “हाही घेऊन जा. आपियात दुकानदाराला दाखवायला नमुना लागेल, गाडी कुठली, कुठल्या सालची. काही झालं तरी दोन्ही हाफशाफ्ट सारखेच असतात.” ते सारखे नसतात, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. पण मला कोण विचारतो?

“हे तेलकट लोखंड बसमध्ये?” बसचालक ओरडला.

मातालेनाने चटईवरची एक जास्वंदीची चादर सोडली आणि भावाकडे फेकली. “गुंडाळ त्याला. लोकांचे कपडे खराब होतील.”

आमच्याकडच्या बसमध्ये जागा नाही असं कधी होत नाही, मांडी असते. मातालेना एका थोराड बाईच्या मांडीवर बसली, तिच्या मांडीवर चटई. लाफाएले एका कोळ्याच्या मांडीवर बसला आणि त्याच्या मांडीवर मी. मित्रांनो, आयुष्यभर भार न वाहणारा मी, त्या दिवशी पहिल्यांदा कुणावर तरी भार झालो. मला अवघडल्यासारखं झालं. कोळ्यालाही झालं असावं, कारण तो म्हणाला, “दादा, ही तुमची चटई फार टोचते हो.”

निम्मी वाट सरल्यावर मातालेना सहज म्हणाली, “चुकीचा काढलात.”

“काय?”

“हाफशाफ्ट. तुझ्या मांडीवर आहे तो चांगला आहे. तुटला तो दुसऱ्या बाजूचा.”

“ताई, आम्ही समुद्राकडचाच काढला!”

“मोडली तेव्हा समुद्र माझ्या बाजूला होता. मग यांनी गाडी वळवली. डोंगर माझ्या बाजूला आला. मी जागची हलले नव्हते, मला दिसतच होतं. आणि तुटला तो माझ्या बुडाखाली तुटला. मला नाही कळणार तर काय पेसामिनोला कळणार?”

तेव्हा कुठे मला कळलं, की एक बाजू तुटली की गोळा सगळा जोर तिकडेच वाया घालवतो, म्हणून मी धड असूनही थांबलो होतो. लाफाएलेने समुद्राकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. हाताने हवेत गाडी काढली, ती वळवली, पुन्हा वळवली. कोळी त्याच्या मागून वाकून ती हवेतली गाडी बघत होता.

“मग तू तिथेच का बोलली नाहीस?”

“मला कुणी विचारलं?” मातालेना म्हणाली. “तू म्हणालास उतरू नकोस. मी उतरले नाही.”

बोट मिळाली. म्हणजे त्या शुक्रवारचा सगळा घोर तिथेच मिटायला हरकत नव्हती. पण बोटीवर, मग आपियात नातेवाइकांच्या घरी, सामान एका कोपऱ्यात ठेवलं गेलं. त्यात जास्वंदीच्या चादरीत गुंडाळलेल्या दोन लांबट घड्या होत्या. एकीत मातालेनाचे डोळे होते. एकीत मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेवाच्या घरी, चहूबाजूंनी मोकळ्या, खांबांच्या मोठ्या सभाघरात सगळे मांड्या घालून बसले. मुलाकडचा वक्ता म्हणजे मुलाचा काका, सेतेफानो. हातात उंच काठी, खांद्यावर वक्त्याच्या मानाचा, चवरीसारखा केसांचा झुबका, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसत. आलेल्या प्रत्येक देणगीचा त्याने मोठ्याने स्वीकार करायचा आणि तिची तोंडभर स्तुती करायची, हा रिवाज.

“मुलीकडची चटई येऊ द्या!”

दोन पोरी कोपऱ्यात धावल्या आणि त्यांनी एक घडी उचलली.

“अगं बाई, किती जड!”

“जुनी असेल. जुन्या जडच असतात.”

“आणि तेलाचा वास येतोय.”

“खोबऱ्याचं असेल. चल लवकर.”

मी सभेच्या मधोमध आलो. बायका आधीच वाहवा करू लागल्या होत्या. एका पोरीने चादरीचं एक टोक धरलं, दुसरीने दुसरं, आणि दोघींनी थाटात झटका दिला.

टण्ण.

मी सिमेंटच्या जमिनीवर पडलो, चकतीवर एक गिरकी घेतली आणि सेतेफानोच्या पायापाशी जाऊन थांबलो. वाहवा अर्ध्यावर थांबली. कुठेतरी एक तान्हं मूल रडत होतं, तेही थांबलं. फिआसिलीने ओढणीआड तोंड लपवलं. लाफाएलेचा चेहरा राखेसारखा झाला. ज्या गोष्टीसाठी तो कालपासून धडपडत होता, बहिणीची मान खाली जाऊ नये, नेमकी तीच आता सिमेंटवर पडली होती, आणि ती मी होतो. मला कुठे लपावं कळेना. नळी सावाइईला राहिली होती.

सगळी सभा मातालेनाकडे वळली. तिने चष्मा सावरला.

“ते आधी,” ती म्हणाली. “चटई नंतर.”

सेतेफानोने माझ्याकडे पाहिलं. मी काय आहे हे त्याला कळलं, पण का आहे ते कळलं नाही. तरी वक्त्याला गप्प राहून चालत नाही. त्याने काठी जमिनीवर टेकली, घसा खाकरला, आणि सुरू झाला:

“सावाइईच्या पाहुण्यांनो! चटया आम्ही पाहिल्या. डुकरं आम्ही पाहिली. पण आपल्या चालत्या गाडीच्या पोटातलं हाड उपसून व्याह्यांच्या पायाशी ठेवणारं घराणं आम्ही आज पाहिलं! ज्याने हे आणलं, तो घरी कसा जाणार याचा त्याने विचार केला का? नाही! तो म्हणतो, माझी मुलगी इथे थांबली, आता माझी गाडीही जागची हलणार नाही! हे लोखंड जसं गाडीच्या आत राहून, कुणाला न दिसता, घरादाराला पुढे नेतं, तशी तुमची मुलगी आमच्या घरात...”

तो बराच वेळ बोलला. बायकांनी डोळे पुसले. लाफाएलेही रडला. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव कौतुक. त्यातलं खरं किती होतं याचा मी अजून विचार करतो आहे. मग चटई आली, उलगडली, केतकीची ती झुळझुळ सभाभर फिरली, आणि मातालेनाची मान जिथे असायला हवी होती तिथेच राहिली. लोक आजही म्हणतात, की तसलं देणं पुन्हा कुणी दिलं नाही.

दिलेलं परत मागायचं नसतं. त्यामुळे मी सेतेफानोच्या अंगणात राहिलो. तिथे त्यांनी माझ्या दात्यांकडच्या टोकाला धार लावली आणि चकतीकडून मला जमिनीत पुरलं. आता रोज सकाळी माझ्यावर नारळ आपटून सोलतात. मी लोखंड आहे, भाला आहे, की नात्याची खूण आहे, हे मला कळत नाही. पाहुणे आले की सेतेफानो मला दाखवतो आणि अख्खं भाषण पुन्हा करतो. पाहुणे गेले की माझ्यावर पोरं ओले टॉवेल वाळत घालतात.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते, म्हणून मीही देतो. तुमच्या घरात, गाडीत, शेजारी जे कुणी मुकाट बसलेलं असेल, त्याला कधीतरी विचारा, की बाबा रे, तू कशासाठी आहेस आणि तुला काय ठाऊक आहे? निम्मे घोळ तिथेच मिटतील. मला वेळेवर तेल घाला, गंज चढू देऊ नका, असंही म्हणणार होतो. पण आता खोबरेल रोज मिळतं.

हे मी उगाच सांगत नाही. मागे फिआसिलीला मुलगी झाली, तेव्हा लाफाएले आला होता. स्वयंपाकासाठी नारळाचं दूध हवं होतं, म्हणून तो माझ्यापाशी उकिडवा बसून नारळ सोलत होता. सेतेफानो शेजारी येऊन बसला.

“एक विचारू का, व्याही? त्या दिवशी गाडीचं हाड काढून आणलंत, ते ठीक. पण मनात आलं तरी कसं तुमच्या?”

लाफाएलेने नारळ माझ्यावर आपटला. “मनात नव्हतं आलं,” तो म्हणाला. “हाफशाफ्ट तुटला होता.”

“तुटला होता? हा तर धड आहे.”

“तुटला तो दुसरा.”

सेतेफानोने वाकून मला पुन्हा एकदा न्याहाळलं. मग तो म्हणाला, “माझ्याकडेही याच जातीची गाडी आहे. मागचाच तुटला होता ना?”

“मागचाच.”

“मग गिअरशेजारचा तो धाकटा दांडा ओढायचा होता. पुढची दोन्ही चाकं ओढू लागतात. मीही एकदा तसाच घरी आलो होतो, आरामात.”

लाफाएलेचा हात माझ्यावर थांबला. “कुठला दांडा?”

“धाकटा.”

लाफाएलेने पुढचा नारळ उचलला. त्याने टोपलीतले उरलेले सगळे नारळ सोलले. गाडी अजून नीरफणसाखालीच आहे, तिच्यात कोंबड्या राहतात. आणि बसच्या घाईत मातालेना विसरली ती छत्री अजून त्या दांड्याला लटकलेली आहे.